त्याचे पंख कोठें आहेत?

एकत्र कुटुंबांत लहान मुलांच्या शंकांचें निरसन करण्याचें काम कोणाकडे असावें, हें सहसा ठरलेलें नसतें. बाप कामावरून दमून आलेला असतो, आईचे हात कणकेंत असतात, काका-काकू आपापल्या व्यवधानांत असतात. मूल आपला प्रश्न घेऊन या खोलींतून त्या खोलींत जातें आणि बहुधा "मोठा झालास म्हणजे कळेल" एवढें उत्तर घेऊन परत येतें. हें उत्तर खोटें नाहीं. परंतु त्यानें कोणाचीहि जिज्ञासा तृप्त होत नाहीं, आणि चार वेळां तें ऐकल्यावर मूल विचारण्याचेंच सोडून देतें. आम्ही नोकरींतून निवृत्त झाल्यापासून आमच्या घरीं हें खातें आपसूक आमच्याकडे आलें आहे. झोपाळा, त्यावर बसलेला रिकामा माणूस आणि त्याच्या हातांतील वर्तमानपत्र, एवढें दिसलें कीं मुलें तेथें जमावयाचींच. या खात्याचा कारभार पाहतांना आलेल्या एका प्रश्नाची हकीकत वाचकांपुढें ठेवावी असें वाटतें. कारण तो प्रश्न आरंभीं यंत्राचा होता, तरी पुढें तो तेवढाच राहिला नाहीं.

आम्ही पार्ल्यास राहतों. आमच्या गच्चीवरून सांताक्रूझच्या विमानतळावर उतरणारीं मोठीं विमानें दिसतात, आणि पश्चिमेस जुहूच्या जुन्या विमानतळावरून उठणारीं हेलिकॉप्टरेंहि दिसतात. याच जुहूस १५ ऑक्टोबर १९३२ रोजीं जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन एका लहानशा विमानांतून उतरले, ही गोष्ट आमच्या पिढीनें वडिलांच्या तोंडून ऐकलेली आहे. मुलांना त्या जागेचें महत्त्व निराळ्या कारणासाठीं वाटतें. किनाऱ्यापासून सुमारें १६० किलोमीटरांवर, भर समुद्रांत, मुंबई हाय हें तेलक्षेत्र आहे. तेथें १९७४ सालीं तेल सांपडलें. तेथील लोखंडी फलाटांवर काम करणारी माणसें जुहूहून हेलिकॉप्टरनें जातात-येतात. आमचा पुतण्या तेथेंच अभियंता आहे. चौदा दिवस समुद्रावर आणि चौदा दिवस घरीं, असा त्याचा क्रम. त्यामुळें डोक्यावरून हेलिकॉप्टर गेलें कीं आमच्या घरांतील पोरें "बाबा चालले!" "काका आले!" असा एकच गिल्ला करतात, मग त्यांत तो असो वा नसो.

२०२२ च्या उन्हाळ्यांत पुतण्याची धाकटी मुलगी सहा वर्षांची होती. एके संध्याकाळीं गच्चीवर तिनें दोन्ही वाहनें एकामागून एक जातांना पाहिलीं आणि विचारलें, "आजोबा, विमानाला पंख आहेत. ह्याचे पंख कुठें आहेत?"

तिच्या नऊ वर्षांच्या भावानें आमच्या आधींच उत्तर दिलें, "डोक्यावर पंखा आहे ना! त्यानं उडतं तें."

ती खालीं आली, माजघरांत गेली, छताला फिरत असलेल्या पंख्याकडे बराच वेळ पाहत राहिली आणि म्हणाली, "मग हा कां नाहीं उडत?"

भाऊ गप्प झाला. आम्हांस मात्र मनापासून आनंद झाला. लहान मुलास यंत्राची उपपत्ति सांगावयाची तर ती अशाच वस्तूपासून आरंभ करावी, कीं जी रोज त्याच्या डोळ्यांसमोर आहे. हेलिकॉप्टर आमच्या घरांत येणें शक्य नव्हतें. पंखा होता, झोपाळा होता, पाण्याची बादली होती. एवढ्या साहित्यावर पुढचे तीन-चार दिवस आमची शाळा चालली.

पहिली गोष्ट म्हणजे हवा ही वस्तु आहे, हें पटविणें. मोठ्यांस हें इतकें ठाऊक असतें कीं तें मुलांस ठाऊक नसेल असें त्यांच्या मनांतहि येत नाहीं. मुलांच्या लेखीं हवा म्हणजे जेथें कांहीं नाहीं ती जागा. आम्हीं एका भांड्याच्या तळाशीं कागदाचा बोळा घट्ट बसविला, भांडें उपडें केलें आणि सरळ बादलींतील पाण्यांत बुडविलें. वर काढलें तों कागद कोरडा. "पाणी आंत कां गेलें नाहीं?" असें विचारतांच धाकटी म्हणाली, "आंत कुणीतरी आहे." याहून चांगलें उत्तर आम्हांस सुचलें नसतें. मग त्या कोणाचें वजनहि सांगितलें. एक घनमीटर हवेचें वजन सुमारें १.२ किलो भरतें. चार मीटर लांब, तीन मीटर रुंद आणि तीन मीटर उंच अशा खोलींत सुमारें ४३ किलो हवा असते. म्हणजे त्या दोघां भावंडांच्या एकत्र वजनाइतकी. आपण इतक्या जड वस्तूंत वावरतों हें ऐकून दोघेंहि खोलीभर हात फिरवून पाहूं लागलीं.

दुसरी गोष्ट झोपाळ्यावर झाली. झोपाळ्यावर बसून भिंतीला पाय लावून रेटा दिला, तर भिंत हलत नाहीं, आपण मागें जातों. आपण भिंतीला ढकलतों तेव्हां भिंतहि आपणांस तितक्याच जोरानें ढकलते. न्यूटननें हा नियम १६८७ सालीं ग्रंथांत मांडला; परंतु आमच्या घरांतील प्रत्येक मूल तो चालावयास लागल्यापासून पायानें जाणतें, त्याचा उच्चार तेवढा झालेला नसतो. भिंतीच्या जागीं हवा घातली कीं काम झालें. जो हवेला खालीं ढकलील, त्याला हवा वर ढकलील.

आतां हवेला खालीं ढकलावें कसें? येथें टेबलावरचा पंखा कामीं आला. तो लावून त्याच्या समोर एक पुठ्ठा आडवा, जमिनीशीं सपाट असा धरावयास सांगितला. वारा वरून-खालून निघून गेला, पुठ्ठ्यास कांहीं झालें नाहीं. मग पंख्याकडची कड किंचित् वर उचलावयास सांगितली. लागलीच पुठ्ठा हात घेऊन वर निघाला. दुसऱ्यानें पुठ्ठ्याच्या मागें, जरा खालीं तळवा धरला, तेव्हां त्याला वारा खालच्या बाजूस वळून येत असल्याचें कळलें. पुठ्ठा वाऱ्याला खालीं वळवितो, वारा पुठ्ठ्याला वर उचलतो. पुठ्ठा फारच उभा धरला तर वरची उचल कमी होते आणि नुसता मागें रेटा बसतो, हेंहि मुलांनीं आपण होऊन शोधून काढलें. विमानाचा पंख म्हणजे वेगानें धांवणारा असा तिरपा पुठ्ठाच होय; त्याला गोलाई दिलेली असते ती हेंच काम अधिक सफाईनें व्हावें म्हणून.

येथें थोरल्यानें एक आक्षेप काढला. त्याच्या कोणत्याशा पुस्तकांत निराळें कारण दिलें होतें. पंखाची वरची बाजू फुगीर असल्यामुळें वरच्या हवेस लांबचा रस्ता पडतो, खालच्या हवेस मागच्या कडेशीं एकाच वेळीं गांठावयाचें असल्यामुळें ती घाईनें धांवते, आणि म्हणून पंख उचलला जातो. हें स्पष्टीकरण पुष्कळ पुस्तकांत आढळतें, आणि तें चूक आहे. वरची हवा खरोखरच वेगानें जाते आणि तेथें दाबहि कमी असतो. परंतु खालच्या हवेची गांठ घेण्याचें बंधन तिच्यावर कोणीहि घातलेलें नाहीं. वातबोगद्यांत धुराच्या रेघा सोडून पाहिलें असतां वरची हवा खालच्या हवेच्या आधींच पोंचलेली दिसते. आम्हीं थोरल्यास एवढेंच विचारलें, "आपला पुठ्ठा फुगीर होता काय? संक्रांतीचा पतंग फुगीर असतो काय?" तो विचारांत पडला. छापील मजकुरालाहि प्रश्न विचारतां येतो, हें त्याला त्या दिवशीं प्रथमच कळलें असावें.

एवढी तयारी झाल्यावर धाकटीच्या मूळ प्रश्नाचें उत्तर दोन वाक्यांत देतां आलें. हेलिकॉप्टरच्या डोक्यावरचीं पातीं हेच त्याचे पंख. विमानाच्या पंखांवरून वारा वाहावा म्हणून सबंध विमानाला धांवपट्टीवरून पळत सुटावें लागतें. हेलिकॉप्टर जागेवर उभें राहतें आणि त्याचे पंख तेवढे गोल गोल धांवतात. म्हणून तें धांवपट्टीवांचून उठतें, आणि म्हणूनच हवेंत एका जागीं थांबूं शकतें. धाकटीनें हें ऐकून गच्चीवर दोन्ही हात पसरून आधीं सरळ धांवून दाखविलें व मग जागेवरच गिरक्या घेतल्या. तिला समजलें कीं नाहीं, हें निराळें विचारण्याचें कारण उरलें नाहीं.

राहिला माजघरांतला पंखा. तोहि हवा खालीं ढकलतो, म्हणूनच आपणांस वारा लागतो. तेव्हां हवाहि त्याला वर ढकलतेच. फिरत असतांना तो आपल्या दांडीला किंचित् हलका लागतो. पण त्याला उचलण्याइतका तो रेटा नसतो. याचें कारण मोठें मौजेचें आहे. घरचा पंखा मिनिटास सुमारें ३५० फेरे घेतो, आणि मध्यम आकाराच्या हेलिकॉप्टरचें चक्रहि साधारण तितकेच फेरे घेतें! भेद आहे तो पात्यांच्या लांबींत. आपला पंखा एका टोंकापासून दुसऱ्या टोंकापर्यंत १.२ मीटर, त्याच्या पात्याचें टोंक ताशीं सुमारें ८० किलोमीटर वेगानें फिरतें. हेलिकॉप्टरचें चक्र १२ मीटर धरलें, तर त्याच्या पात्याचें टोंक तेवढ्याच वेळांत दहापट रस्ता तोडतें, म्हणजे ताशीं सुमारें ८०० किलोमीटर. वेग दहापट झाला कीं हवेचा रेटा शंभरपट होतो, आणि पात्यांचा पसाराहि कितीतरी मोठा असतो. म्हणून चार-चार टनांचें धूड त्या चक्राला लोंबकळत वर जातें.

आणखी एक गैरसमज येथेंच दूर केलेला बरा. पंख्याचा वेग वाढवावा त्याप्रमाणें चक्राचा वेग वाढवून हेलिकॉप्टर वर जातें, असें मोठ्यांसहि वाटतें. वस्तुतः चक्राचा वेग बहुतेक कायम असतो. वैमानिकाच्या डाव्या हाताशीं एक दांडा असतो. तो वर ओढला कीं सर्व पातीं एकदमच अधिक तिरपीं होतात, अधिक हवा खालीं लोटतात, आणि यंत्र वर चढतें. उजव्या हाताशीं दुसरा दांडा असतो. तो पुढें लोटला म्हणजे प्रत्येक पातें आपल्या फेऱ्याच्या एका भागांत अधिक तिरपें व दुसऱ्या भागांत कमी तिरपें होतें; त्यामुळें सगळें चक्र छत्रीसारखें पुढें कलतें आणि यंत्राला पुढें ओढून नेतें. मागें, डावीकडे, उजवीकडे, जिकडे छत्री कलेल तिकडे यंत्र जाईल. आणि पाय? तेहि मोकळे नसतात. शिवणयंत्रावर बसलेल्या बाईचे दोन्ही हात कापडावर आणि पाय पायट्यावर असतात, तशीच वैमानिकाची बैठक असते.

पायांचें काम समजण्यासाठीं शेपटीकडे वळावें लागतें. "शेपटीला तो छोटा पंखा कशाला?" हा प्रश्न ठरलेलाच होता. आम्हीं धाकटीला फिरत्या खुर्चीवर बसविलें, पाय वर घ्यावयास सांगितले आणि दोन्ही हात एकदम उजवीकडे फेंकावयास लावले. खुर्ची डावीकडे वळली. इंजिन चक्राला एकीकडे फिरवितें तेव्हां धड उलटीकडे फिरूं पाहतें. घरच्या पंख्याचें धड फिरत नाहीं, कारण छताच्या दांडीनें तें आवळून धरलेलें असतें. हेलिकॉप्टरला वर आकाशांत धरावयास कोणी नाहीं. म्हणून शेपटीच्या टोंकाशीं उभा पंखा लावून धडाला उलट रेटा द्यावयाचा. शेपूट लांब कां, तें दारापाशीं कळतें. बिजागरीजवळ ढकललें तर दार जड जातें, कडीजवळ बोटानें सरकतें. वैमानिकाचे पाय हा रेटा कमी-जास्त करतात व त्यानें यंत्राचें तोंड वळतें. भारतीय वायुदलांत २०१९ सालीं आलेल्या चिनूक हेलिकॉप्टरला शेपटीचा पंखा नाहीं. तेथें दोन मोठीं चक्रें परस्परांच्या उलट फिरतात आणि एकमेकांची ओढ नाहींशी करतात.

या सर्व खटाटोपास खेळ म्हणून हंसणाऱ्यांस इतिहासांतील दोन गोष्टी सांगाव्याशा वाटतात. १८७८ सालीं अमेरिकेंत एका धर्मोपदेशकानें आपल्या दोन मुलांसाठीं बूच, बांबू व कागद यांचें, रबराच्या पिळानें उडणारें एक खेळणें आणलें. तें हवेंत सोडतांच छताला जाऊन भिडलें. त्या मुलांपैकीं एक अकरा वर्षांचा होता व दुसरा सात वर्षांचा. तें मोडेपर्यंत ते त्याशीं खेळले आणि मोडल्यावर तसलींच दुसरीं करूं लागले. ते राइट बंधु होत. कीव्ह शहरांत १८८९ सालीं जन्मलेल्या इगोर सिकोर्स्कीनेंहि सुमारें बाराव्या वर्षीं रबरावर चालणारें असेंच खेळणें बनविलें होतें. पन्नाशी नुकतीच ओलांडली असतांना, १४ सप्टेंबर १९३९ रोजीं, त्यानें अमेरिकेंत आपलें व्ही. एस. ३०० हें हेलिकॉप्टर स्वतः बसून उचललें. तें दोरांनीं जमिनीशीं बांधलेलें होतें आणि कांहीं क्षणच वर राहिलें. परंतु एक मोठें चक्र वर आणि एक लहान चक्र शेपटीला, ही त्याचीच रचना पुढें जगभर रूढ झाली.

हें सगळें झाल्यावर आम्हीं मुलांस कागदाचें खेळणें करून दिलें. पोस्टकार्डाच्या रुंदीची कागदाची पट्टी घ्यावी, वरून मध्यावर अर्ध्यापर्यंत कापावी, झालेले दोन कान एक पुढें व एक मागें असे दुमडावे, खालच्या भागाची घडी घालून तिला टांचणी लावावी. गच्चीवरून सोडलें कीं तें भिरभिरत, सावकाश खालीं जातें. सुटींत मुलें कोंकणांत गेलीं होतीं, तेथील कुंपणावरून त्यांनीं माधवीलतेचीं वाळलेलीं फळें डब्यांत भरून आणलीं होतीं. संस्कृत काव्यांत जिचे मांडव जागोजाग भेटतात तीच ही वेल. तिच्या फळाला तीन पंख असतात. तें वरून टाकलें तर दगडासारखें न पडतां गरगरत उतरतें. त्या डब्याचा उपयोग पुढें होईल, असें तेव्हां कोणाच्या ध्यानीं नव्हतें.

२८ जून २०२२ रोजीं मुंबई हायच्या एका फलाटाजवळ एक हेलिकॉप्टर समुद्रांत गेलें. आंत नऊ माणसें होतीं. पांच वांचलीं, चार गेलीं. आमचा पुतण्या त्या दिवशीं घरीं होता. संध्याकाळभर तो टेलिफोन हातांत धरून कोपऱ्यांत बसून होता. घरांत सगळेजण हलक्या आवाजांत बोलत होते. हलक्या आवाजांतलें बोलणें मुलांस मोठ्या आवाजांतल्या बोलण्याहून लवकर ऐकूं येतें. दोन दिवसांनीं धाकटी आमच्याजवळ येऊन बसली आणि तिनें विचारलें, "आजोबा, वरचा पंखा बंद पडला तर?"

वहिनी, म्हणजे पुतण्याच्या आई, जवळच तांदूळ निवडीत होत्या. त्या म्हणाल्या, "भाऊजी, तिला सांगून टाका, कांहीं होत नाहीं म्हणून. एवढ्याशा जिवाला घोर कशाला?"

वहिनींचें म्हणणें आम्हांस कळत होतें. लेक समुद्रावर गेला कीं चौदा दिवस त्या देवापुढचा दिवा स्वतः लावतात, दुसऱ्या कोणाला लावूं देत नाहींत. "कांहीं होत नाहीं" हें वाक्य त्यांना नातीसाठीं हवें होतें, तितकेंच स्वतःसाठींहि हवें होतें. परंतु मुलीनें बातमी ऐकली होती. तिला तें वाक्य सांगितलें असतें, तर तिनें मान हालविली असती आणि मनांत एवढेंच ठरविलें असतें, कीं या विषयावर मोठीं माणसें खरें बोलत नाहींत. मग भांड्यांतली हवा, झोपाळा, पुठ्ठा, सगळेंच संशयांत पडलें असतें. आम्ही वहिनींस म्हणालों, "कांहीं होत नाहीं, हें तिला कोणी सांगूं नये. जें काय होतें आणि त्यावर काय करतात, तें तिच्या बापानेंच सांगावें." वहिनी कांहीं बोलल्या नाहींत. सूप बाजूस सारून त्या तेथेंच बसून राहिल्या.

रात्रीं जेवणें झाल्यावर पुतण्यानें मुलीला जवळ घेतलें आणि तिचा तो डबा मागून घेतला. माधवीलतेचें एक फळ त्यानें खुर्चीवर उभें राहून सोडलें. "ह्याला इंजिन आहे का?" "नाहीं." "मग हें कोण फिरवतंय?" मुलीनें विचार करून सांगितलें, "वारा. खालून." तेंच हेलिकॉप्टरचें होतें, असें त्यानें तिला समजाविलें. एक तर समुद्रावर जाणाऱ्या हेलिकॉप्टरला दोन इंजिनें असतात. दोन्ही थांबलीं, तरी चक्र अडकून बसत नाहीं. सायकलचे पायटे मारण्याचें थांबविलें तरी चाक फिरत राहतें, तशी सोय तेथें केलेली असते. वैमानिक डाव्या हातचा दांडा ताबडतोब खालीं करतो, पातीं जवळजवळ सपाट होतात, यंत्र खालीं येऊं लागतें, आणि खालून येणारी हवाच तीं पातीं फिरवीत ठेवते. अगदीं शेवटीं, जमीन किंवा पाणी जवळ आल्यावर, तो दांडा वर ओढतो. फिरत्या चक्रांत सांठलेला जोर एकदम हवा खालीं लोटण्यांत खर्चीं पडतो आणि यंत्र टेंकतें. वैमानिकांकडून याचा अभ्यास करून घेतलेला असतो.

"मग ते चार काका कां गेले?" मुलीनें विचारलें.

पुतण्या थोडा वेळ थांबला. मग म्हणाला, "प्रत्येक वेळीं सगळं जमतंच असं नाहीं, बाळ. पाण्यांत पडल्यावर बाहेर निघायला वेळ फार थोडा मिळतो." आणि त्यानें आपल्याला दिलेल्या शिक्षणाची हकीकत सांगितली. समुद्रावर जाणाऱ्या माणसांस हेलिकॉप्टरच्या आकाराच्या एका पिंजऱ्यांत बसवून तलावांत बुडवितात आणि उलटें करतात. डोळ्यांपुढें कांहीं दिसत नाहीं, नाकांत पाणी जातें. अशा वेळीं एक हात खिडकीच्या कडेवर घट्ट ठेवावयाचा, म्हणजे बाहेरची वाट कोठें आहे तें हातच सांगतो. हालचाल थांबेपर्यंत वाट पाहावयाची. मगच पट्टा सोडावयाचा आणि त्या हाताच्या दिशेनें बाहेर पडावयाचें. अंगावर तरंगण्याचें जाकीट असतें, हेलिकॉप्टरच्या अंगाला फुगविण्याजोगे तरंगे बसविलेले असतात. मुलीनें पलंगाच्या कठड्यावर हात ठेवून तें सगळें करून पाहिलें.

"तुम्हांला भीति वाटते?" तिनें विचारलें.

"थोडी वाटते. म्हणून तर पट्टा नीट बांधतों."

एवढें झाल्यावर तिनें डब्यांतील उरलेलीं फळें मोजलीं, त्यांतील एक बापाच्या खिशांत घातलें आणि ती झोंपावयास गेली. वहिनी मात्र उठल्या नाहींत. इतक्या वर्षांत त्यांनीं मुलाला त्या प्रवासाविषयीं एकहि प्रश्न विचारला नव्हता. विचारला तर काय ऐकावें लागेल या धास्तीनें विचारला नव्हता. त्या रात्रीं त्या एवढेंच म्हणाल्या, "हात खिडकीवर, आणि पट्टा केव्हां सोडायचा म्हणालास?" पुतण्यानें पुन्हां सगळें सांगितलें, अगदीं मुलीला सांगितलें होतें तसेंच, पहिल्यापासून.

मुलांस शास्त्रीय विषय समजावून सांगण्याविषयीं पुष्कळ लिहिलें जातें आणि त्यांत सोपेपणावर फार भर असतो. सोपें करावें हें खरेंच. परंतु सोपें करणें म्हणजे वजाबाकी करणें होय, बदल करणें नव्हे. दहा गोष्टींपैकीं दोनच सांगाव्या, मात्र त्या दोन पुढें केव्हांहि परत घ्याव्या लागूं नयेत. हातानें करतां येण्याजोगें जें असेल तें आधीं करवावें आणि नांवें मागाहून सांगावीं. ज्या मुलीनें खुर्चीवर बसून गिरकी घेतली आहे, तिला पुढें कॉलेजांत त्याच गोष्टीचें लांबलचक नांव अवघड वाटणार नाहीं. मूल थांबलें कीं आपणहि थांबावें. आणि प्रश्नामागें भीति असेल तर ती ओळखून त्या भीतीलाहि खरेंच उत्तर द्यावें, शक्य तर त्याच माणसाच्या तोंडून, ज्याच्यासाठीं ती वाटत आहे.

पावसाळ्यांत मुलें घरांत कोंडलीं जातात आणि मोठ्यांच्या जिवाला वैताग आणतात. अशा एखाद्या दुपारीं कागदाची पट्टी, कात्री आणि टांचणी घेऊन बसण्यास फारसा खर्च नाहीं. कान एकाच बाजूस दुमडले तर काय होतें, टांचणी काढली तर काय होतें, दोन्ही कान उलट दिशांनीं वळविले तर खेळणें कोणत्या बाजूनें फिरतें, हें वाचकांनीं मुलांसमवेत करून पाहावें. त्यांतलें शेवटचें आम्हीं मुद्दामच येथें सांगितलेलें नाहीं.